झिजणारा मध्यस्थ

मोटारसायकलचा इतिहास लिहिणारे बहुधा एंजिनाचाच इतिहास लिहितात. सिलिंडरचे आकारमान, ताशी मैलांचा वेग आणि शर्यतींतील विजय यांच्या याद्या सर्वत्र आढळतात. एंजिन आणि चाक यांच्या मध्ये राहून त्या दोघांचा संबंध जोडणारा व तोडणारा जो क्लच, त्याची आठवण मात्र तो बिघडल्यावाचून कोणास होत नाही. लोकव्यवहारातही मध्यस्थाची गत अशीच असते. दोन्ही पक्षांचे समाधान झाले, तर श्रेय पक्षांचे. काही बिनसले, तर दोष मध्यस्थाचा.

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचा क्लच दुरुस्त करताना काय पाहावे लागते, तो तसा का घडविला गेला, आणि त्या घडणीत एका मोठ्या उद्योगाचे गुण व दोष कसे एकत्र नांदत होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय यंत्राचा आहे. परंतु ज्यांनी एखाद्या देवालयाचा जीर्णोद्धार होताना पाहिला असेल, त्यांना तो अगदीच परका वाटू नये.

१

आरंभी क्लच नव्हताच. न्यूरेंबर्गहून इंग्लंडला येऊन कॉव्हेंट्री शहरी स्थायिक झालेल्या सिगफ्रीड बेटमान यांच्या ट्रायम्फ कंपनीने १९०२ साली आपली पहिली मोटारसायकल बाजारात आणली. तिचे एंजिन बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीचे होते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे एंजिनावरून निघालेला पट्टा थेट मागच्या चाकावर जाई. एंजिन फिरले की चाक फिरे, आणि चाक थांबले की एंजिनही थांबे. गाडी सुरू करावयाची म्हणजे पायटे मारावयाचे किंवा ती ढकलीत धावावयाचे आणि एंजिनाने दम धरताच खोगिरावर उडी घ्यावयाची. चौकात गुरांचा कळप आडवा आला, तर हा सर्व सोहळा पुन्हा पहिल्यापासून करावा लागे. चढणीवर पट्टा थोडासा घसरे, तेवढाच काय तो एंजिनास विसावा. पट्ट्याची ही अनाहूत घसरण म्हणजेच क्लचचे पूर्वरूप, असे म्हणावयास हरकत नाही.

या गैरसोयीवर निरनिराळ्यांनी निरनिराळे उपाय योजिले. यॉर्कशायरमधील फेलन अँड मूर यांनी दोन वेगांसाठी दोन साखळ्या ठेवून, जी हवी असेल तिचाच एंजिनाशी संबंध जोडण्याची युक्ती काढली. आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९०८ पासून विकलेल्या आपल्या गाडीत हीच कल्पना पायाखाली आणून ठेविली. पंजा दाबला की एक वेग, टाच दाबली की दुसरा, आणि मधल्या स्थितीत एंजिन मोकळे. ट्रायम्फनेही १९१० च्या सुमारास मागच्या चाकाच्या तुंब्यातच चकत्यांचा क्लच बसविला. ‘मोकळे एंजिन’ ही त्या काळच्या जाहिरातींतील अभिमानाची गोष्ट होती.

तरीही पुष्कळ ब्रिटिश कारखानदारांना थेट पट्टाच पुरेसा वाटे. त्यांचे मतपरिवर्तन युक्तिवादाने झाले नाही. ते एका पराभवाने झाले. आइल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफी शर्यत १९०७ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी पायट्यांची मदत घेण्यास मनाई झाली. १९११ साली ही शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या, सुमारे साडेसदतीस मैलांच्या नव्या मार्गावर नेण्यात आली. त्या चढणीवर एकाच वेगाच्या गाडीचा निभाव लागणे कठीण होते. सीनियर शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेच्या इंडियन कंपनीच्या गाड्यांनी पटकाविले. गॉडफ्रे, फ्रँकलिन आणि मूरहाउस या तिघांच्याही गाड्यांना साखळी, दोन वेगांचा गिअर आणि क्लच होता. आपल्याच अंगणात झालेला हा निवाडा ब्रिटिश कारखानदारांना मान्य करावा लागला. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ट्रायम्फने काढलेल्या ‘मॉडेल एच’ या ५५० सी.सी.च्या गाडीला स्टर्मी-आर्चरचा तीन वेगांचा गिअर आणि हाताने चालणारा क्लच होता. पायटे मात्र कायमचे गेले. अशा सुमारे तीस हजार गाड्या युद्धकामी देण्यात आल्या. तेव्हापासून क्लचविना मोटारसायकल ही कल्पनाच मागे पडली.

२

या हाताने चालणाऱ्या क्लचची रचना प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. तिच्यावाचून दुरुस्तीचे मर्म कळावयाचे नाही. एंजिनाच्या दांड्यावरील लहान दंतचक्रावरून एक साखळी क्लचच्या मोठ्या चक्रावर येते. हे चक्र म्हणजे एक उथळ डबाच असतो. त्याच्या भिंतीला खाचा असतात, आणि त्या खाचांत ज्यांचे कान अडकतात अशा घर्षणाच्या चकत्या त्याच्याबरोबर फिरतात. डब्याच्या मध्यभागी गिअरच्या दांड्यावर बसविलेला तुंबा असतो. साध्या पोलादी चकत्या आतील बाजूने त्या तुंब्याला जोडलेल्या असतात. घर्षणाची एक, पोलादाची एक, अशी थप्पी लावून वरून स्प्रिंगांचा दाब दिला की, सर्व चकत्या एकजीव होऊन एंजिनाची शक्ती गिअरकडे जाते. डाव्या मुठीवरील लिव्हर दाबली की, पोकळ दांड्यातून जाणारी एक बारीक सळई दाबाचे झाकण उचलते, आणि चकत्या सुट्या होतात.

चकत्या अनेक का, याचे उत्तर सोपे आहे. स्प्रिंगांचा तोच दाब थप्पीतील प्रत्येक चकतीला मिळतो. पाच घर्षणचकत्यांच्या दहा बाजू मिळून जे काम करतात, ते एका चकतीला करावयाचे, तर स्प्रिंगा पाचपट कडक हव्यात. तेवढी लिव्हर दाबण्यास मल्लाचा पंजा लागेल. लहान जागा आणि मनुष्याचे बोट, या दोन मर्यादांतून ही थप्पी जन्मास आली.

घर्षणासाठी कोणता पदार्थ वापरावा, हा यानंतरचा प्रश्न. आरंभीच्या पुष्कळ क्लचांत चकत्यांना भोके पाडून त्यांत बुचे ठोकीत. हे तेच बूच, जे बाटलीला लागते. पोर्तुगाल हा देश त्याच्या उत्पादनात फार दिवसांपासून अग्रेसर आहे. बुचाचा मोठा गुण हा की, तेलात भिजूनही ते आपली पकड सोडीत नाही. दोष हा की, ते फार तापले की जळते. दुसरा मार्ग हर्बर्ट फ्रूड यांनी दाखविला. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावरून जाणारे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे लावतात, हे त्यांनी पाहिले, आणि त्यावरून १८९७ साली घर्षणाच्या अस्तरांचा उद्योग सुरू केला. पुढे फेरोडो हे नाव मोटारींच्या जगात सर्वतोमुखी झाले. या अस्तरांत मग ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णतेस दाद देत नसे, पण त्याची धूळ माणसाच्या फुप्फुसांस घातक ठरली. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्याचा वापर बंद झाला. आज जुना क्लच उघडणाराने ही गोष्ट विसरता कामा नये. आतील काळी धूळ फुंकून वा वाऱ्याच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके बंद पिशवीत टाकून द्यावे.

३

क्लचचे रोग दोनच, आणि ते परस्परविरोधी. एक घसरण्याचा, दुसरा चिकटण्याचा. पहिल्याला आपल्याकडील मिस्त्री ‘क्लच स्लिप मारतो’ म्हणतात. एंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. चढणीवर जळकट वास येतो. दुसऱ्यात लिव्हर पूर्ण दाबूनही संबंध तुटत नाही. गिअर कुरकुरतो आणि उभ्या गाडीचा न्यूट्रल सापडत नाही.

या दोन रोगांची कारणे उलट आणि उपायही उलट, यामुळे घाईचा वैद्य येथे हमखास फसतो. घसरण दिसली की, तो स्प्रिंगांचे नट आवळतो. घसरण क्षणभर थांबते, पण लिव्हर जड होते, झाकण पुरते उचलले जात नाही, आणि क्लच चिकटू लागतो. मग तो वायर ताणतो. वायर ताणल्यामुळे सळईवर सतत दाब राहतो, स्प्रिंगांचा जोर अर्धवट नाहीसा होतो, आणि घसरण पुन्हा सुरू होते. एका चुकीच्या निकालावर दुसरे अपील, त्यावर तिसरे, असा हा खटला चालतो, आणि मूळ पुरावा कोणीच तपाशीत नाही.

पुरावा तपासण्याचा क्रम असा. प्रथम वायर. लिव्हरला थोडी तरी मोकळीक, सुमारे एक अष्टमांश इंच, असलीच पाहिजे. पुष्कळ ‘घसरणारे’ क्लच एवढ्यानेच निर्दोष सुटतात. तसे न झाले, तर साखळीवरील झाकण उतरवावे. स्प्रिंगांचे नट सोडताना त्यांचे वळसे मोजून ठेवावे. चकत्या ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने मांडाव्या. जो क्लच कोरडा राहण्यासाठी घडविलेला आहे, त्यात तेल आढळले, तर चकत्या पेट्रोलने धुऊन भागत नाही. तेल कोठून आले, हे शोधावे लागते. पोलादी चकती जाड काचेवर ठेवून ती डुलते का, ते पाहावे. डुलणारी चकती वाकलेली होय. ती नवी घालणे बरे. स्प्रिंगांची लांबी नव्या स्प्रिंगेशी ताडून पाहावी, आणि एक जरी आखूड भरली, तरी सबंध संच बदलावा.

यानंतर डब्याच्या खाचा. चकत्यांचे कान वर्षानुवर्षे एकाच जागी आपटून खाचेच्या भिंतीत चरे पाडतात. लिव्हर दाबल्यावर चकत्यांनी सरकावयाचे, ते त्या चऱ्यांत अडकतात. उंबऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या पावलांनी दगडाला खळगा पडावा, तसेच हे आहे. फरक इतकाच की, उंबऱ्याचा खळगा आपण जपतो आणि हा चरा कानशीने घासून सपाट करावा लागतो. कानस दोनचार हात फिरवावी, अधिक नाही. खाच फार रुंद झाली, तर डबाच बाद.

शेवटी जोडणी. सर्व नट सारखे आवळले म्हणजे दाब सारखा झाला, असे नव्हे. लिव्हर दाबून किक हळूहळू फिरवावी आणि दाबाच्या झाकणाकडे एका कडेने पाहावे. ते सरळ फिरले पाहिजे. डुलत असेल, तर जेथे ते कमी उचलले जाते तेथील नट किंचित सैल करावा, जेथे अधिक उचलले जाते तेथील आवळावा. या कामास महागडे हत्यार लागत नाही. डोळा आणि धीर लागतो. ज्या गाड्यांचा क्लच तेलात चालतो, त्यांत कोणते तेल घालावयाचे, हेही पाहावे. आजच्या मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती एंजिनाला मानवतात, पण जुन्या चकत्यांना घसरवितात.

४

येथवर सांगितले ते सर्वसाधारण झाले. परंतु ब्रिटिश कारखान्यांचा स्वभाव असा की, प्रत्येकाचा संप्रदाय वेगळा. बर्मिंगहॅमच्या गुडमन कुटुंबाची व्हेलोसेट घ्या. इतर गाड्यांत मागच्या चाकाकडे जाणाऱ्या साखळीचे दंतचक्र आतल्या बाजूला आणि क्लच बाहेर असतो. व्हेलोसेटमध्ये क्लच आत आणि ते दंतचक्र बाहेर. त्यामुळे क्लच अगदी अरुंद जागेत बसवावा लागला. त्याचा दाब कमीअधिक करावयाचा, तर त्या दंतचक्रातील भोकातून एक खुंटी आत घालून स्प्रिंगांचे कडे अडवावयाचे आणि गाडीचे मागचे चाक हाताने फिरवावयाचे. वायर ताणून हा क्लच कधीच ताळ्यावर येत नाही. ज्यांनी पुस्तकातील क्रम पाळला नाही, त्यांनी या क्लचला कायमचे दूषण दिले. ज्यांनी पाळला, त्यांना तो वर्षानुवर्षे निमूटपणे सेवा देत राहिला. रचना सदोष नव्हती, पण ती शिष्याची परीक्षा पाहणारी होती.

स्टीव्हनेज येथील फिलिप व्हिन्सेंट यांची गोष्ट निराळी. १९३६ साली त्यांनी रॅपिड ही ९९८ सी.सी.ची दोन सिलिंडरांची गाडी काढली. तिच्या एंजिनाच्या जोरापुढे बाहेरून विकत घेतलेला क्लच टिकेना. म्हणून युद्धानंतर, १९४६ च्या नव्या रॅपिडसाठी, एक नवीनच योजना करण्यात आली. तीत एक लहानसा एकचकतीचा क्लच आधी पकड घेई, आणि त्याच्या जोराने ब्रेकच्या ठोकळ्यांसारखे दोन ठोकळे पसरून एका मोठ्या डब्याला घट्ट धरीत. म्हणजे एंजिन जितके ओढील, तितकी पकड अधिक. बोटाला श्रम थोडे, आणि त्या काळच्या सर्वांत वेगवान विक्रीच्या गाडीचे ओझे निर्वेध वाहिले जाई. कल्पना तेजस्वी होती. मात्र तेलाचे काही थेंब आत गेले की, हा क्लच घसरे किंवा एकदम झडप घाली. दुरुस्ती करणाराला येथे क्लचपेक्षा तेल अडविणाऱ्या कड्यांचीच काळजी अधिक घ्यावी लागते.

नॉर्टन कंपनीने १९६७ साली दाखविलेल्या कमांडो गाडीत अनेक स्प्रिंगांऐवजी एकच पोलादी पडदा बसविला. बशीच्या आकाराचा हा पडदा सर्व बाजूंनी सारखा दाब देतो, त्यामुळे झाकण डुलण्याचा प्रश्नच संपला. पण तो विशेष साधनावाचून काढू गेल्यास उसळून इजा करतो. शिवाय गिअरमधील तेल सळईच्या वाटेने झिरपत येऊन चकत्यांवर बसते आणि क्लच घसरू लागतो. इलाज ठाऊक आहे: सळईपाशी तेल अडविणारे कडे बसवावयाचे आणि चकत्या धुवावयाच्या. हा इलाज मालकांनीच शोधून काढला आणि एकमेकांस सांगितला.

५

या शेवटच्या वाक्यातच ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाची अर्धी कहाणी आहे. कारखान्याने यंत्र घडवावे आणि उरलेली निगा मालकाने करावी, असा तेथील अलिखित करार होता. त्याची एक बाजू खचित गौरवाची आहे. क्लच उघडून पुन्हा जोडता यावा, अशीच त्याची घडण होती. हस्तपुस्तिकेत मालकाला समंजस मनुष्य म्हणून उपदेश केलेला असे. पण दुसरी बाजूही आहे. तेल गळणे हा जणू निसर्गनियमच आहे, असे मानून वर्षानुवर्षे तीच झाकणे आणि तेच जोड वापरले गेले. होंडा कंपनी १९५९ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत प्रथम उतरली, आणि १९६९ साली तिची ७५० सी.सी.ची गाडी बाजारात आली. तिला विजेचे स्टार्टर होते, आणि तिचे तेल जेथले तेथे राहत असे. त्यानंतर मालकाच्या धीरावर अवलंबून राहणे शक्य नव्हते. व्हिन्सेंटच्या मोटारसायकली १९५५ सालीच थांबल्या होत्या, व्हेलोसेट १९७१ साली बंद पडली, बी.एस.ए.चा स्वतंत्र संसार १९७३ साली संपला. मेरिडेन येथील ट्रायम्फच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालविलेला कारखाना १९८३ साली मिटला. भांडवलाची चणचण, व्यवस्थापनातील दुफळी अशी कारणे पुष्कळ होती. सर्व दोष क्लचच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु जी वृत्ती उद्योगास नडली, तिचा लहानसा नमुना त्या तेलकट चकत्यांत पाहावयास मिळतो.

नवल असे की, ज्या करारामुळे कारखाने बुडाले, त्याच करारामुळे गाड्या वाचल्या. मालकांना दुरुस्ती येत होती. व्हिन्सेंटच्या मालकांचा संघ १९४८ साली, कारखाना चालू असतानाच, स्थापन झाला होता; कारखाना गेल्यावर विद्या संघाकडे राहिली. रेडिचच्या रॉयल एन्फील्डची शाखा तर १९५५ साली मद्रासला निघाली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला. मद्रासची बुलेट मात्र चालू राहिली. त्यामुळे आपल्याकडील मिस्त्रींच्या हाती ही विद्या पुस्तकाविना पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आज तर नॉर्टन हे नाव २०२० पासून तमिळनाडूच्या टी.व्ही.एस. कंपनीच्या मालकीचे आहे, आणि ट्रायम्फच्या ४०० सी.सी.च्या गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होतात.

६

आता एका वादाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. जुन्या व्हिन्सेंटचे काही मालक मूळ क्लच काढून आधुनिक अनेकचकत्यांचा क्लच बसवितात. काही म्हणतात, हे पाप आहे. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, मग ती चालो वा न चालो. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पहिला म्हणतो, न चालणारी गाडी ही गाडीच नव्हे. दुसरा म्हणतो, सोयीसाठी एकेक भाग बदलीत गेल्यास शेवटी नावाची पाटी तेवढी जुनी राहील.

आपल्या वाचकांस या प्रश्नाचे एक उत्तर परंपरेने ठाऊक आहे. सोळाव्या शतकात साष्टी-तिसवाडीतील अनेक दैवते नदी ओलांडून अंत्रुज महालात आली. मूळ भिंती मागे राहिल्या, नवी देवालये उभी राहिली, त्यांचेही पुढे जीर्णोद्धार झाले. तरी पूजा तुटली नाही, म्हणून स्थान तेच राहिले, असे आपण मानतो. मात्र जीर्णोद्धार करणाऱ्या जाणत्या मंडळींनी एक विवेक नेहमी पाळला. जे झिजण्यासाठीच आहे, ते बिनदिक्कत बदलावे. ज्यात घडविणाराची बुद्धी दिसते, ते शक्य तोवर राखावे. कौले बदलताना कोणी हळहळत नाही. कोरीव खांबाला हात लावण्यापूर्वी मात्र दहांना विचारावे लागते.

हाच विवेक क्लचलाही लावावा. अस्तर, बुचे, स्प्रिंगा, तेलाची कडी ही कौलांच्या जागी होत. ती नवी आणि आजच्या ज्ञानाप्रमाणे निर्धोक असावी. ॲस्बेस्टॉसच्या जुन्या चकत्या ‘अस्सल’ म्हणून जपण्यात काही पुण्य नाही. परंतु व्हिन्सेंटची पसरणाऱ्या ठोकळ्यांची योजना किंवा व्हेलोसेटची खुंटीची युक्ती हे कोरीव खांब होत. ते बदलावेच लागले, तर काढलेला भाग मोडीत न देता तेल लावून, फडक्यात गुंडाळून, नाव लिहून गाडीबरोबर ठेवावा. पुढच्या मालकाला आपला निर्णय फिरविण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. फिरविता येणार नाही असा निकाल देण्यापूर्वी न्यायाधीशही दोनदा विचार करतो.

क्लचची चकती झिजते, म्हणून गिअरचे दात आणि साखळी वाचतात. सहाणेवर खोड झिजते, तेव्हा गंध उमटते, आणि त्या झिजण्याला कोणी खोडाचा दोष म्हणत नाही. जुन्या ब्रिटिश गाडीचा क्लच उघडल्यावर काळवंडलेली, पातळ झालेली चकती हाती येईल. ती टाकून नवी घालावी. पण टाकण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजू पाहाव्या. झीज दोन्हीकडे सारखी असेल, तर मागच्या दुरुस्त करणाराने आपले काम नीट केले होते, असे समजावे.